पेन्सिलीतल्या ओळी

९ जून १९७९, शनिवार

ही डायरी ज्युलियन भावोजींना बँकेतून फुकट मिळाली. पाच महिने कोरी पडून होती. बाय म्हणाली, "घे, लिही काहीतरी. तेवढा वेळ तरी एका जागी बसशील." बाय म्हणजे माझी थोरली बहीण अ‍ॅग्नेस, इथे इस्पितळात नर्स आहे. झिंजमधल्या त्यांच्या दोन खोल्यांतला सोफा म्हणजे माझं घर.

बहरीनला येऊन चौदा महिने झाले आणि नोकऱ्या झाल्या तीन. आधी कोल्ड स्टोअर. इथे किराणा दुकानाला तसं म्हणतात. मग हॉटेलातली लाँड्री. मग ईसा टाउनला शाळेच्या भिंती रंगवायचं काम. तिथे मी शिडीवर बसून मुलांचा फुटबॉल बघत राहिलो. भिंत अर्धीच राहिली, पण मॅच पूर्ण झाली.

आज चौथी मिळाली. भावोजी म्हणाले, "लान्सी, ही सोडलीस तर तुला वसईच्या विमानात बसवतो."

"वसईला विमानतळ नाही, भावोजी."

"मग वरून टाकायला सांगतो."

काम ऐकून बाय हसतच सुटली. वाचायचं काम! जुफैरला समुद्राजवळ व्हिटलॉक नावाचे म्हातारे अमेरिकन राहतात. पूर्वी तेल कंपनीत होते. काचबिंदूने डोळे गेलेत, उजेड आणि अंधार एवढंच कळतं. त्यांना रोज सकाळी इंग्रजी वाचून दाखवायचं. घरमालक महमूदसाहेबांनी मला ठेवून घेतलं, व्हिसाही त्यांच्याच नावावर होईल. त्यांनी सरळ सांगितलं, "म्हातारा इथे आहे तोवर तू आहेस. तो गेला की खलास."

मॅट्रिकला इंग्रजीत छत्तीस मार्क होते, हे मी कोणाला सांगितलं नाही.

१२ जून, मंगळवार

साहेब इंग्रजी बोलतात. मध्येच अरबी येतं, मध्येच तेल कंपनीतली हिंदी. मी सगळं मराठीत लिहितोय. इंग्रजीत लिहिलं तर डायरी स्पेलिंगच्या चुकांनीच भरेल.

वाचायचं काय, तर वीस वर्षांपूर्वीची अमेरिकन साप्ताहिकं! दोन ट्रंका भरून. वरचे दोन सोडले तर प्रत्येक अंक गुंडाळीत, वरचा कागदही न फाडलेला. मी विचारलं, "साहेब, आजचं वर्तमानपत्र नको?"

"आजचं रेडिओ सांगतो. तू सत्तावन सालापासून सुरू कर. यल्ला, चल."

स्वयंपाकी नझीरने नंतर सांगितलं. तो पेशावरचा, साहेबांकडे अकरा वर्षं आहे. साहेबांची बायको मॅरियन सत्तावन साली इथल्या उकाड्याला कंटाळून अमेरिकेला गेली. साहेबांचं कंत्राट संपलं की तेही जाणार होते. कंत्राट वाढत गेलं. बाईंची पत्रं यायची, पत्रांत रडगाणं असायचं. एकदा साहेबांनी चिडून कळवलं, रडगाणं नको, बातम्या पाठव. त्यानंतर पत्र आलं नाही, दर आठवड्याला हे साप्ताहिक येऊ लागलं. साहेबांनी पहिले दोन अंक उघडले, त्यात फ्रिजच्या जाहिराती. त्यांना राग आला आणि बाकीचे त्यांनी तसेच ट्रंकेत टाकले. अडीच वर्षं अंक येत होते, मग तेही थांबले.

आणि आता वीस वर्षांनी, मे महिन्यात, बाईंचं पत्र आलं. महमूदसाहेबांनी वाचून दाखवलं. त्यात दोनच ओळी. "सप्टेंबरअखेर मी घर विकते आहे. मी पाठवलेलं तू कधी वाचलंस का?"

म्हणून मी.

१४ जून, गुरुवार

फ्रिज: एकशे नव्वद डॉलर. पाव: एकोणीस सेंट. पेट्रोल गॅलनला तीस सेंट. मी बातमी वाचता वाचता जाहिरातीत शिरतो. साहेब ओरडतात, "गाडी रुळावर आण!" पण मी थांबलो की तेच विचारतात, "पाव कितीला म्हणालास?"

एका पानावर तर कमालच. गाडीत बसून सिनेमा बघायचा! मैदानात मोठा पडदा, समोर शेकडो गाड्या, खिडकीला टांगलेला स्पीकर. आमच्या मनामाच्या थिएटरात पंखा बंद पडला की लोक पडदा सोडून पंख्याकडे बघत बसतात. मी विचारलं, "मागच्या गाडीवाल्याला दिसतं कसं?"

साहेब म्हणाले, "मागच्या गाडीत बसणारे पडद्याकडे बघायला येत नाहीत."

मी दहा मिनिटं हसत होतो. तेवढ्यात काम राहिलं.

१८ जून, सोमवार

तिसऱ्या अंकापासून समासात पेन्सिलीने काहीतरी लिहिलंय. बारीक, तिरकं अक्षर. आधी मला वाटलं, वाणसामानाची यादी. आज त्या सिनेमाच्या पानावरचं लावून लावून वाचलं. "मंगळवारी गेले होते. पॉपकॉर्नचा पुडा शेजारच्या सीटवर ठेवला. तो तेवढा वेळ बसून राहिला."

पॉपकॉर्न बसून राहिला म्हणजे काय? बायला विचारलं. ती इस्त्री करत होती. इस्त्री उभी ठेवून म्हणाली, "कोणाचं आहे हे?" मी म्हटलं, साहेबांच्या बायकोचं. ती म्हणाली, "साहेबांना वाचून दाखवलंस?"

"छापलेलं वाचायचं काम आहे माझं."

बायने इस्त्री पुन्हा कॉलरवर टेकवली आणि तशीच माझ्याकडे बघत राहिली. भावोजींची कॉलर जळता जळता वाचली.

२० जून, बुधवार

आज साहेबांना सांगितलं की पेन्सिलीने लिहिलेलं आहे.

त्यांचा हात पेल्यावरच राहिला. "तिचं?"

"असेल."

"वाच."

मी पुढ्यातलं पान धरलं. पावाची जाहिरात होती. बाजूला लिहिलं होतं, "एकटीला एक पाव तीन दिवस पुरतो. उरलेला पक्ष्यांना घालते. पक्षी मात्र वेळेवर येतात."

साहेब मान पुढे काढून बसले होते. मी वाचलं, "रोज पक्ष्यांना पाव घालते. खूप पक्षी येतात."

ते हसले. त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं. "तिला पक्ष्यांचं वेड होतं," म्हणाले.

हे खोटं नव्हे. आमच्या वसईत पत्रं अशीच वाचतात. लहानपणी आमच्या आळीतली सगळी पत्रं माझ्याकडे यायची, कारण बायकांना वाचता यायचं नाही आणि पुरुष कुवेतला, नाहीतर बोटीवर. आईने मला शिकवून ठेवलं होतं, "वाईट असेल ते गिळायचं, चांगलं असेल ते मोठ्याने वाचायचं. कळायचं ते वेळेवर कळतं." सेलिनमावशीच्या नवऱ्याने पाय मोडल्याचं लिहिलं होतं. मी वाचलं, पाय दुखतो. तिने मला नारळाची वडी दिली. तो घरी आला तेव्हा पाय बरा झाला होता. मग बिघडलं काय?

२ जुलै, सोमवार

आता साहेब सकाळपासून दाराशी बसलेले असतात. बातमी अर्धी झाली की म्हणतात, "तिने काय लिहिलंय?" मी चांगलं निवडतो. हुला हूप म्हणजे कमरेभोवती फिरवायची रिंग; तिच्या जाहिरातीजवळ बाईंनी लिहिलंय, "शेजारच्या मुलींनी मला आत उभं केलं, रिंग दोनदा फिरली, चार दिवस मला वाकता आलं नाही." हे सगळंच्या सगळं वाचलं. साहेबांच्या डोळ्यांतून पाणी आलं हसून.

वॉशिंग मशीनच्या बाजूचं गाळलं. "बटण दाबलं की धुतं. तुझा निळा शर्ट दर महिन्याला धुते. मळलेला नसतो."

नझीरने विचारलं, "आजकल साहब बहुत खुश है. क्या पढ़ते हो?" मी म्हटलं, अमेरिका.

१२ जुलै, गुरुवार

काल स्कायलॅब पडली. गेला महिनाभर सगळ्यांनी भीती घातली होती, डोक्यावर पडेल म्हणून. भावोजी तर चर्चमध्ये शुक्रवारच्या मिस्सेला गेले आणि कबुलीजबाबही देऊन आले. ती पडली समुद्रात आणि ऑस्ट्रेलियात. बाय म्हणाली, पापं माफ झाली ती झाली, आता नवीन करू नका.

योगायोग म्हणजे मागे राहून गेलेला ऑक्टोबर सत्तावनचा अंक आज हाती आला. रशियाने पहिला उपग्रह सोडला, स्पुटनिक. अमेरिका हादरली. लोक अंगणात उभे राहून आकाशात बघताहेत. बाईंनी लिहिलंय, "मीही उभी होते. दीड तासात पृथ्वीला फेरी मारतो म्हणे. म्हणजे तुझ्यावरूनही गेला असेल. तू वर बघितलंस का?"

ह्यात वाईट काही नाही, म्हणून वाचलं. पण साहेब हसले नाहीत. त्यांनी खिडकीकडे तोंड केलं. मग म्हणाले, "आम्ही वाळवंटात पाइप टाकत होतो. सगळे बाहेर आले होते बघायला. मी तंबूत हिशेब करत होतो."

चांगलं कोणतं आणि वाईट कोणतं, हे वाचण्याआधी कळत नाही, असं आज वाटलं. तेवढ्यात बंदरात अमेरिकन नेव्हीची एक मोठी बोट आली, मी बघायला गेलो.

२९ जुलै, रविवार

रमजान चालू आहे. नझीर उपास करतो, म्हणून मी आणि साहेब आतल्या खोलीत चहा पितो. नझीर म्हणतो, "पियो, पियो, मुझे कुछ नहीं होता," आणि दार लावून घेतो.

आजची बातमी. अठ्ठावन साली तिकडे टेलिव्हिजनवर प्रश्नांची उत्तरं देऊन हजारो डॉलर जिंकायचे कार्यक्रम होते. सगळा देश बघायचा. मग कळलं की स्पर्धकांना उत्तरं आधीच सांगितलेली असायची. घाम पुसणंसुद्धा शिकवलेलं.

मी म्हटलं, "बिघडलं काय? लोकांना मजा आली ना?"

साहेब म्हणाले, "मजा आली. पण ती मजा त्यांची नव्हती. कोणीतरी त्यांच्यासाठी ठरवलेली होती."

माझे कान गरम झाले. त्यांना दिसत नाही हे बरं.

बाईंनी तिथे लिहिलं होतं, "तुला विचारलेल्या एकाही प्रश्नाचं उत्तर मला कोणी आधी सांगितलं नाही." मी वाचलं, "कार्यक्रम छान होता."

१२ ऑगस्ट, रविवार

आज साहेबांनी पत्र सांगितलं, मी लिहिलं. तसंच उतरवतो.

"प्रिय मॅरियन, तू पाठवलेलं मी आता वाचतो आहे. तू तिथे आनंदात होतीस हे कळलं. पक्षी, सिनेमा, हुला हूप. माझ्यावाचून तुझं काही अडलं नाही. वीस वर्षं मला अपराधी वाटत होतं, आता वाटत नाही. घर खुशाल वीक. मी इथेच राहतो."

सही करताना मी त्यांचा हात कागदावर ठेवला. मग ते म्हणाले, "महमूदला सांगितलंय. तुझा व्हिसा आणखी दोन वर्षं. मला वाचणारा लागणारच." आणि माझ्या खांद्यावर थोपटलं.

दोन वर्षं! बायने केक आणला. भावोजी म्हणाले, "अखेर एका जागी टिकला." मी केक खाल्ला. पत्र खिशात आहे.

१५ ऑगस्ट, बुधवार

मरियामातेचा सण. मिस्सेला गेलो, पत्र खिशात. पोस्टाच्या पेटीवरून दोनदा गेलो. एकदा समोर गाढव उभं होतं, ते बघत बसलो. दुसऱ्यांदा गाढव नव्हतं.

बायने शर्ट धुवायला घेतला आणि पत्र सापडलं. तिने वाचलं. मग मला म्हणाली, "ह्या साहेबांना तू काय वाचून दाखवलंस रे?"

मी सांगितलं. आईचं सांगितलं, सेलिनमावशीचं सांगितलं.

"सेलिनमावशीचा नवरा येणारच होता," बाय म्हणाली. "तू गाळलंस म्हणून ती रात्री झोपली, एवढंच. हा माणूस तुझं ऐकून ठरवतोय, जायचं की नाही."

"आणि माझा व्हिसा?"

"ते मला नको विचारू. मी विचारलं तर बहीण म्हणून उत्तर देईन."

१८ ऑगस्ट, शनिवार

चार दिवस ताप आला म्हणून गेलो नाही. ताप नव्हता. ट्रंकेतले उरलेले अंक मी घरी आणलेत, ते एकटाच वाचत बसलो.

तिकिटाची बातमी: पत्राचा स्टॅम्प तीन सेंटांवरून चार सेंट. बाई: "महाग झालं म्हणून लिहीत नाही असं समजू नकोस."

जेट विमानाची बातमी: न्यूयॉर्कहून समुद्र ओलांडून युरोप, सात-आठ तासांत. बाई: "आता लांब आहे असं म्हणता येणार नाही. दुसरं कारण शोध."

शेवटचा अंक, डिसेंबर एकोणसाठ. पूर्ण पानभर नाताळच्या जाहिराती, टर्की पौंडाला चाळीस सेंट. खाली: "वर्गणी संपली. पुन्हा भरत नाही. तू हे वाचत नाहीस हे मला आता कळलंय. पण कधी वाचलंस तर विचारू नकोस, कळवू नकोस, सरळ ये. दाराला कुलूप नसतं."

मी तेवीस वर्षांचा आहे. मला कोणी असं लिहिलेलं नाही. तरी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं.

१९ ऑगस्ट, रविवार

सांगितलं.

साहेब नेहमीसारखे दाराशी बसले होते. मी म्हटलं, "साहेब, पत्र टाकलेलं नाही. आणि मी तुम्हाला वाचून दाखवलं ते सगळं नव्हतं." मग तिसऱ्या अंकापासून पेन्सिलीचं तेवढं वाचलं, एकही शब्द न गाळता. शर्ट. पॉपकॉर्न. पक्षी वेळेवर येतात. दोन तास लागले. छापलेल्या एकाही जाहिरातीकडे माझं लक्ष गेलं नाही.

शेवटचं वाचून झाल्यावर ते म्हणाले, "तुला हे करायला कोणी सांगितलं?"

मी वसईचं सांगितलं. आमच्याकडे पत्र वाचणाऱ्याने वाईट गिळायचं असतं, म्हटलं.

"आणि तुझा व्हिसा?"

"तोही होता मनात."

ते उभे राहिले. काठी सापडेना, मी हातात दिली तर ती त्यांनी भिंतीवर आपटली. "वीस वर्षं मी वाचलं नाही, तो माझा गुन्हा. पण हे दोन महिने माझे नव्हते, तुझे होते. तू मला तुझी मॅरियन ऐकवलीस. बर्रा! बाहेर हो!"

नझीरने मला दारापर्यंत सोडलं.

२५ ऑगस्ट, शनिवार

ईद झाली. सोफ्यावर पडून आहे. भावोजींना अजून सांगितलं नाही, बायने सांगितलं असणार, कारण ते मला आज काहीच बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी नझीर शेवयांचा डबा घेऊन आला. म्हणाला, "साहब बुला रहे हैं. गुस्सा है, मगर बुला रहे हैं."

२६ ऑगस्ट, रविवार

साहेबांनी मला बसायला सांगितलं नाही. उभ्यानेच वाचलं. पेन्सिल असलेली सगळी पानं पुन्हा, ह्या वेळी बातमी, किंमत आणि पेन्सिल, तिन्ही, क्रमाने. मध्येच थांबवतात आणि विचारतात, "हे आहे तिथे? का तुझं आहे?" मी म्हणतो, आहे. ते म्हणतात, "पुन्हा वाच." मी तेच शब्द वाचतो. तिसऱ्यांदाही तेच निघाले की पुढे जायला सांगतात.

मला राग यायला हवा होता. आला नाही.

३ सप्टेंबर, सोमवार

साहेब जाणार. महमूदसाहेबांनी तिकीट काढलं. आठ तारखेला, लंडनमार्गे. मी विचारलं, "तार करू का बाईंना?"

"तिने काय लिहिलंय?"

"विचारू नकोस, कळवू नकोस."

"मग?"

महमूदसाहेब बाहेर मला भेटले. "सॉरी हबीबी, तुझं ह्या महिन्याच्या तीस तारखेपर्यंत. दुसरा कोणी मालक मिळाला तर बघ, इंशाल्ला." ते चांगले आहेत. इंशाल्ला म्हणताना त्यांनी नजर खाली घातली, म्हणून कळलं की नाही मिळणार.

भावोजींनी ऐकून घेतलं. म्हणाले, "चौथी नोकरी तू सोडली नाहीस, ती तुझ्यामुळे गेली. ह्यात फरक आहे." मग जेवताना म्हणाले, "चांगला की वाईट, ते मला नाही माहीत."

८ सप्टेंबर, शनिवार

मुहर्रकला विमानतळावर मी आणि नझीर सोडायला गेलो. साहेबांनी गळाबंद सूट घातला होता, घामाने भिजला होता. हातातल्या पिशवीत एकच अंक, डिसेंबर एकोणसाठचा. बाकी ट्रंका नझीरच्या खोलीत आहेत.

नझीरला त्यांनी मिठी मारली. नझीर रडला. मी पुढे झालो तर साहेब म्हणाले, "थांब. मला काउंटरवर ने."

नेलं. काउंटरवर एक तरुण मुलगी होती, बहुतेक गोव्याची. साहेबांनी पिशवीतून अंक काढला, चाचपून शेवटचं पान उघडलं आणि तिच्यापुढे धरलं. "मिस, खाली पेन्सिलीने काही लिहिलंय. मोठ्याने वाचाल?"

मागे रांग होती. मुलीने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहत होतो. मला माहीत होतं मी नीट वाचलंय, तरी प्रत्येक शब्द मनात पुन्हा तपासत होतो. काय सांगावं, एखादा शब्द मी चुकीचा लावला असेल. छत्तीस मार्क.

ती वाचू लागली. "वर्गणी संपली. पुन्हा भरत नाही..." सावकाश, अडखळत, शेवटपर्यंत. कुलूप नसतं, हेसुद्धा.

साहेब ऐकत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. ते तिच्याबरोबरच म्हणत होते. त्यांना पाठ झालं होतं, माझ्या तोंडून.

"थँक यू," ते म्हणाले. अंक पिशवीत ठेवला. मग माझा दंड धरला, घट्ट, दुखेपर्यंत, आणि म्हणाले, "यल्ला, गेट कुठे आहे ते सांग. पायऱ्या असतील तर आधी सांग."

तीन पायऱ्या होत्या. मी तीन सांगितल्या.